कवळीवरचा थर कसा मोजावा?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत इतिहास, वाङ्मय आणि समाजकारण अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला कवळीवरचा थर येऊन बसलेला पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. त्यात वावगे काही नाही. कवळी ही वस्तूच अशी आहे, की ती ज्याच्या तोंडात असते तो तिच्याविषयी बोलत नाही आणि ज्याच्या तोंडात नसते त्याला तिची आठवण होत नाही. चष्मा आपण चारचौघांत पुसतो. कवळी मात्र मोरीचे दार लावून धुतो. या संकोचामुळेच ती नीट धुतली जाते की नाही, हे घरातल्या माणसांनाही कळत नाही. आणि जी गोष्ट दिसत नाही ती मोजायची कशी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. मोजमाप या विषयाचा सगळा धडा त्यात साठवलेला आहे, असे मला वाटते; म्हणून तो मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कवळ्या गंधक मिसळून कडक केलेल्या रबराच्या होत असत. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्रिलिक आले, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक कवळ्या त्याच गुलाबी पदार्थाच्या असतात. कवळीला दोन बाजू असतात. जिभेकडची आणि गालाकडची बाजू घासूनपुसून आरशासारखी चकचकीत केलेली असते. हिरड्यांना आणि टाळूला चिकटणारी बाजू मात्र तशी चकचकीत करता येत नाही. कारण ती त्या माणसाच्या टाळूचा हुबेहूब ठसा असते, आणि ठसा घासला की कवळी बसत नाही. त्यामुळे जी बाजू शरीराला सतत चिकटलेली, तीच खरबरीत. त्या बारीक खाचाखळग्यांत लाळेतले पदार्थ, अन्नाचे कण आणि सूक्ष्म जंतू यांचा एक बुळबुळीत थर बसतो. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. आपण आज त्याला नुसता थर म्हणू. डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने १६८३ साली दातांवरचा असाच थर खरवडून आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात हालचाल करणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. तेव्हापासून हा थर जिवंत आहे हे माणसाला ठाऊक आहे.

कवळीवरच्या थरात जंतूंच्या जोडीला कँडिडा नावाची बुरशीही राहते. तिच्यामुळे कवळीखालची टाळू लाल होते. या विकाराच्या तीन पायऱ्या न्यूटन यांनी १९६२ साली लावून दिल्या: आधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मग सबंध लाली, आणि शेवटी दाणेदार सूज. यातली वाईट गोष्ट अशी, की बहुधा ते दुखत नाही. दुखले असते तर माणूस दवाखान्यात गेला असता. आणखी एक गोष्ट. जपानमध्ये ८५ वर्षांवरील ५२४ वृद्धांवर तीन वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रात्री कवळी तोंडात ठेवून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका सुमारे सव्वादोन पटींहून अधिक आढळला. कवळीमुळेच न्यूमोनिया झाला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. जो माणूस कवळी काढून ठेवत नाही तो इतर बाबतींतही आपली काळजी घेत नसेल. परंतु तोंडातला थर झोपेत थोडाथोडा छातीत उतरू शकतो, ही गोष्ट वैद्यांना पटणारी आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला न्यूमोनिया होणे म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्या घरात पाहिले आहे त्यांना मी अधिक सांगायला नको.

असे आहे तर "कवळी स्वच्छ ठेवा" एवढे सांगून मी खाली बसावे, हे बरे नव्हे काय? तेवढे पुरत नाही, आणि का पुरत नाही हे सांगण्यासाठीच मी उभा आहे. समजा, एखाद्या संस्थेने महाडात आणि पोलादपुरात दोन शिबिरे घेतली. महाडच्या वृद्धांना नुसते तोंडी सांगितले, पोलादपूरच्या वृद्धांना धुण्याची गोळी आणि ब्रश दिला. तीन महिन्यांनी पाहणाऱ्याने सांगितले, "पोलादपूरच्या कवळ्या अधिक स्वच्छ आहेत." या वाक्यावर पुढच्या वर्षी पैसा खर्च होणार, गोळ्यांचे खोके विकत घेतले जाणार. पण "अधिक स्वच्छ" म्हणजे किती? कोणी पाहिले? कोणत्या उजेडात? त्याला गोळी कोणाला दिली हे माहीत होते काय? ही उत्तरे नसतील, तर ते वाक्य म्हणजे एका माणसाचे मत झाले. मतावर औषध देणे आणि मतावर औषध बंद करणे, दोन्ही सारखेच धोक्याचे.

मापाची फसवणूक आपल्या भागाला नवी नाही. भात मापण्याची पायली आपण सर्वांनी पाहिली आहे. पायली तीच, पण एक जण शीग लावून भरतो आणि दुसरा वरून हात फिरवून सपाट करतो. घेताना शिगेची आणि देताना सपाट, ही सावकाराची जुनी युक्ती. माप खोटे नव्हते, मापण्याची रीत ठरलेली नव्हती. पुराचे तसेच. सावित्री आणि गांधारी यांच्या पाण्याने महाडच्या बाजारपेठेत घरोघरी खुणा करून ठेवल्या आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण एका भिंतीवर छातीएवढी असेल, दुसऱ्या भिंतीवर डोक्यावरून गेली असेल. पाणी एकच, जोते वेगळे, रस्त्याचा उतार वेगळा. सर्वांनी एकाच शून्यापासून मोजले असते तरच त्या खुणा एकमेकींशी बोलल्या असत्या.

याहून जवळचे उदाहरण आणेवारीचे. रुपयात किती आणे पीक आले, हे बांधावर उभे राहून नजरेने ठरवण्याची ती पद्धत. पुढे आणे गेले, पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या खाली आली की टंचाई धरायची हा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. आता पाहा: बांधावरून दिसते ते शेताच्या कडेचे पीक. पाहणारा कोण, त्याला सूट द्यायची आहे की वसुली करायची आहे, आदल्या दिवशी त्याने याहून वाईट शेत पाहिले की चांगले, या सगळ्यांचा त्या आकड्यावर परिणाम होतो. १९४० नंतरच्या दशकात पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी याला उत्तर दिले. त्यांपैकी पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. उत्तर साधे होते. कोणते शेत पाहायचे ते माणसाने निवडायचे नाही; ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरू द्यायचे. शेतात कोणत्या जागी मोजायचे, तेही तसेच. मग दोरी आणि खुंट्या लावून ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, झोडायचे आणि तराजूत घालायचे. नजरेच्या जागी दोरी आली आणि मताच्या जागी वजन आले.

कवळीच्या बाबतीत हाच प्रवास घडला, म्हणून हे सांगितले. दंतवैद्यांचीही आणेवारी आहे. नॉर्वेतल्या आम्ब्योर्नसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडलेली पद्धत बरीच चालते. वरच्या कवळीच्या टाळूकडच्या बाजूचे पाच भाग करायचे, आणि प्रत्येक भागाला शून्य ते तीन असे गुण द्यायचे. थर मुळीच नाही, तर शून्य. डोळ्यांना दिसत नाही पण बोथट हत्याराने खरवडल्यावर हत्याराला लागतो, तर एक. नुसत्या डोळ्यांना बेताचा दिसतो, तर दोन. भरपूर माजलेला आहे, तर तीन. पाचही भागांची बेरीज केली की शून्य ते पंधरा असा एक आकडा मिळतो. या पद्धतीला काही लागत नाही. एक आरसा, एक हत्यार आणि चांगला उजेड पुरे. खेड्यातल्या शिबिरात ती दोन मिनिटांत होते. परंतु तिचा दोष आणेवारीचाच आहे. "बेताचा" कोठे संपतो आणि "भरपूर" कोठे सुरू होतो, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. शिवाय तीन गुण म्हणजे एका गुणाच्या तिप्पट थर नव्हे. परीक्षेत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लागतात. तिसऱ्याची हुशारी पहिल्याच्या एकतृतीयांश असते असे कोणी म्हणत नाही. तसाच हा क्रम आहे, वजन नव्हे.

नजरेच्या जागी दोरी आणण्याचा मार्ग म्हणजे रंग. न्यूट्रल रेड किंवा एरिथ्रोसीन यांसारखा रंग कवळीवर लावून पाण्याने धुतला, की थर रंगून राहतो आणि स्वच्छ अ‍ॅक्रिलिक बहुतांशी तसेच दिसते. मग कवळीचे वरून छायाचित्र घ्यायचे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी या छायाचित्रावर संगणकाने रंगलेला भाग आखून, एकंदर क्षेत्रफळाच्या शेकडा किती भाग रंगला आहे, हे काढण्याची पद्धत पुष्कळ वापरली आहे. संगणक नसेल तरी अडत नाही. पारदर्शक कागदावर सारख्या अंतराने ठिपके काढा, तो कागद छायाचित्रावर ठेवा, आणि कवळीवर पडलेल्या ठिपक्यांपैकी किती रंगावर पडले ते मोजा. शंभरांपैकी सदतीस रंगावर असतील, तर सुमारे सदतीस टक्के. पीक कापणीची दोरी आणि हा ठिपक्यांचा कागद ही एकाच घरातली भावंडे होत. मात्र शंभर ठिपक्यांच्या बळावर सदतीस आणि बेचाळीस यांत भेद आहे असे छातीठोकपणे सांगू नये. तेवढा फरक कागद थोडा सरकला तरी पडेल.

आता या पद्धतीच्या वाटेवरचे खड्डे पाहू. पहिला खड्डा डागांचा, आणि तो आपल्या भागात मोठा आहे. कोकणातल्या कितीतरी आजीबाई अजून मशेरी लावतात. पान, तंबाखू आणि दिवसातून पाचसहा वेळा चहा हेही आहेच. त्यांचे काळे-तांबडे डाग कवळीत मुरलेले असतात. डाग म्हणजे थर नव्हे. ज्या बाईची कवळी डागाळलेली आहे ती रोज मन लावून धूत असेल; आणि जिची कवळी गुलाबी दिसते तिच्या कवळीवर बिनरंगी बुळबुळीत थर जाड बसला असेल. म्हणून रंग लावण्यापूर्वी एक छायाचित्र घ्यावे, रंग लावल्यावर दुसरे, आणि कवळी पूर्ण घासून स्वच्छ केल्यावर पुन्हा रंग लावून तिसरे. जुन्या, चरे पडलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये रंग नुसताच शिरतो. तो किती शिरला हे तिसऱ्या चित्रावरून कळते आणि वजा करता येते. दुसरा खड्डा टाळूच्या घुमटाचा. घुमट खोल असेल तर त्याच्या उभ्या भिंती वरून घेतलेल्या छायाचित्रात आकसलेल्या दिसतात, आणि तिथला थर कमी भरतो. याला एकच उपाय: अंतर, कोन आणि उजेड दर वेळी तेच ठेवायचे आणि एका माणसाच्या कवळीची तुलना आधी तिच्याशीच करायची. तिसरा खड्डा जाडीचा. छायाचित्र पसारा सांगते, खोली सांगत नाही. पातळ पसरलेला थर आणि जाड माजलेला थर दोन्ही शेकडा चाळीसच भरतील.

जाडी हवी असेल तर थर खरवडून काढावा, वाळवावा आणि वजन करावे. किंवा प्रयोगशाळेत वाढवून किती जंतू आहेत ते मोजावे. हे सर्वांत खरे माप वाटते. परंतु थर एकदा खरवडला की दुसऱ्याला मोजायला काही उरत नाही. मापणाऱ्याची चूक झाली की काय, हे ताडून पाहण्याची सोयच राहत नाही. शिवाय नमुना पोलादपूरच्या वाडीतून प्रयोगशाळेपर्यंत वैशाखाच्या उन्हात नेताना वाटेत जंतू वाढतात किंवा मरतात. म्हणजे महागडे माप हेच विश्वासू माप, असे काही नाही.

मग विश्वासू माप म्हणजे कोणते? त्याची कसोटी अशी: तीच कवळी दोघांनी वेगवेगळी पाहिली तर आकडा जुळला पाहिजे, आणि त्याच माणसाने उद्या पुन्हा पाहिली तरी जुळला पाहिजे. यात एक मौजेची गोम आहे. कल्पनेने शंभर कवळ्या घ्या. दोन दंतवैद्यांनी त्या वेगवेगळ्या पाहिल्या आणि प्रत्येकाने ८० कवळ्या स्वच्छ, २० अस्वच्छ ठरवल्या. ताडून पाहता, ६८ कवळ्यांना दोघांनीही स्वच्छ म्हटले, ८ कवळ्यांना दोघांनीही अस्वच्छ म्हटले आणि २४ कवळ्यांवर त्यांचे जमले नाही. म्हणजे शंभरांत ७६ ठिकाणी एकमत. वर्तमानपत्रात हे छान दिसेल! पण थांबा. दोघांनी कवळ्या न पाहताच, डोळे मिटून, ८० आणि २० असे शिक्के मारले असते तर? दोघांचा "स्वच्छ" हा शिक्का योगायोगाने एकत्र पडण्याचे प्रमाण शंभरांत ६४, आणि "अस्वच्छ" हा शिक्का एकत्र पडण्याचे ४. बेरीज ६८. म्हणजे आंधळेपणानेही ६८ ठिकाणी जमलेच असते. डोळे उघडून त्यांनी कमावले ते फक्त ८, आणि कमावण्याजोगे होते ३२. आठ भागिले बत्तीस म्हणजे चार आण्यांचे एकमत. जेकब कोहेन यांनी १९६० साली हा हिशेब मांडला. त्याला कापा म्हणतात. रुपयात चार आणे एकमत असलेल्या दोन परीक्षकांच्या भरवशावर कोणती गोळी चांगली हे ठरवणे म्हणजे गढूळ पाण्यात सुई शोधणे होय.

एकमत वाढवता येते. शिबिरापूर्वी दोघांनी एकत्र बसून दहा-वीस कवळ्या पाहाव्या, जिथे गुण जुळले नाहीत तिथे का जुळले नाहीत यावर वाद घालावा, "बेताचा" आणि "भरपूर" यांची नमुन्याची छायाचित्रे समोर टांगावी आणि मगच कामाला लागावे. काम चालू असताना त्यांना न सांगता काही कवळ्या पुन्हा त्यांच्यापुढे ठेवाव्या. एवढे करूनही एक सावधगिरी हवी. जुळणे म्हणजे खरे असणे नव्हे. वाण्याच्या तराजूच्या पारड्याखाली मेण लावलेले असेल, तर तो तराजू रोज तेच वजन दाखवील. विश्वासू असेल, खरा असणार नाही. दोन्ही दंतवैद्य मशेरीच्या डागाला थर समजत असतील तर त्यांचे एकमत सोळा आणे भरेल आणि तरी ते सोळा आणे चुकलेले असतील.

आता मी विषयाच्या गाभ्याशी येतो. कवळी कोणाची आहे, हे मापणाऱ्याला कळता कामा नये. कवळी ताटलीत, ताटलीवर नुसता क्रमांक. नाव नाही, गाव नाही, कोणत्या गटातली ते नाही. समोर फाटके धोतर दिसले की थर अधिक दिसतो आणि इस्त्रीचा सदरा दिसला की कमी दिसतो. हे कोणी लबाडीने करत नाही. डोळा मनाचा नोकर आहे, मन सांगेल ते तो पाहतो. ही गोष्ट इतर कोणत्या गावाला समजावून सांगावी लागेल, महाडला सांगावी लागू नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. ज्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, ते माणसांच्या ओंजळीने बाटले असे ठरवून पुढे त्याच्या शुद्धीकरणाचा विधी करण्यात आला. पाण्यात काय बदलले होते? काहीच नाही. पाणी कोणी पाहिलेच नाही. पाणी घेणारा हात कोणाचा ते पाहिले. पुढे दहा वर्षे दावा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, अनादि काळापासूनची वहिवाट असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे म्हणून तो निकालात काढला. स्वच्छ आणि अस्वच्छ हे शब्द वस्तूवरून न ठरवता माणसावरून ठरवले की केवढा अन्याय होतो, हे या तळ्याने जगाला दाखवले. ताटलीवरचा नुसता क्रमांक ही गोष्ट लहान आहे. परंतु ती त्याच शहाणपणाची आहे.

आणखी दोन फसवणुकी सांगून हा भाग संपवतो. पाहुणे येणार असे कळले की आपण अंगण सारवतो. तसे शिबिराची दवंडी पिटली की त्या सकाळी प्रत्येक कवळी घासली जाते, आणि आपण मोजतो ते सवयीचे नव्हे, सणाचे माप. म्हणून शेवटी कधी धुतली हे विचारून लिहून ठेवावे, आणि काही घरी न सांगता जावे. दुसरी फसवणूक याहून सूक्ष्म. पहिल्या शिबिरात ज्यांचा थर सर्वांत जास्त होता त्यांनाच बोलावून गोळी दिली, तर दुसऱ्या खेपेला त्यांचा थर सरासरीने कमी निघेल. गोळीत नुसता खडू असला तरी निघेल! कारण त्यांतल्या काहींचा पहिला दिवसच वाईट होता. ज्यांना गोळी दिली नाही अशांचा एक गट, चिठ्ठ्या टाकून निवडलेला, शेजारी ठेवला तरच गोळीचा गुण आणि योगायोग यांची फारकत करता येते.

हे सगळे मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांचे काम, आम्ही खेडवळ माणसांनी काय करावे, असे कोणी म्हणेल. त्याला मी याच तालुक्यातले उदाहरण देतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती आणि नेमकी कशाने मरतात हे उमगत नव्हते. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या वेळेवार नोंदी केल्या. त्या नोंदींतून प्राझोसिन हे औषध पुढे आले आणि लंडनच्या 'लॅन्सेट'ने ते जगापुढे नेले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग महाडातच झाला. सत्तर रुग्ण, चिठ्ठीने पाडलेले पस्तिसांचे दोन गट. एकाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला त्याच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लस. "बरा झाला" म्हणजे काय आणि किती तासांनी पाहायचे हे आधीच ठरलेले होते: दहा तास. दहा तासांनी जोडऔषधाच्या गटातले ३२ पूर्ण बरे होते, दुसऱ्या गटातले ८. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्या मानापेक्षा बिरवाडीच्या नोंदवहीचा अभिमान अधिक वाटतो. मोठी यंत्रे नसतील तरी चालते. काय मोजायचे, केव्हा आणि कसे, हे आधी ठरवून त्याला चिकटून राहिले पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत जेव्हा जेव्हा कवळ्यांची शिबिरे होतील तेव्हा कवळी दिली की काम संपले असे मानू नये. तीन महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा बोलवावे. एक मोबाइल दूरध्वनी, एक लाकडी चौकट म्हणजे अंतर आणि कोन बदलणार नाही, एक ठरलेला दिवा, रंगाची बाटली, क्रमांक घातलेल्या ताटल्या आणि ठिपक्यांचा कागद, एवढे सामान एका पिशवीत मावते. ठिपके मोजण्याचे काम शाळेतल्या वरच्या वर्गातली मुलेसुद्धा करतील, आणि दोघा मुलांचे आकडे जुळतात की नाही हे मास्तरांनी ताडून पाहावे.

आणि हे करताना एक गोष्ट वहीच्या पहिल्या रकान्यात लिहावी: कवळी वापरता काय? कारण सगळ्या मापांना चकवणारी एक कवळी असते. ती पूर्ण स्वच्छ असते; रंग लावला तरी एक ठिपका रंगत नाही; नॉर्वेच्या पद्धतीने तिला शून्य आणि ब्राझीलच्या पद्धतीनेही शून्य. ती फडताळात, रुमालात गुंडाळलेली असते. टोचत होती म्हणून काढून ठेवली, आणि टोचते हे सांगायला जवळ कोणी नव्हते. आपल्या डोंगरातल्या वाड्यांत मुलगे मुंबईला, सुना मुंबईला, आणि घरात एकटी म्हातारी भाताची पेज करून पिते, कारण भाकरी चावत नाही. तिची कवळी आपल्या तक्त्यात सर्वांत वर झळकेल! आकडा खरा असेल, दोघांचे एकमतही असेल, आणि त्याचा अर्थ मात्र उलटा असेल. मापाने माणूस नजरेआड होऊ नये, यासाठी आकड्याच्या शेजारी हा एक प्रश्न हवा.

घरी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. कवळी रोज मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने घासावी, टाळूकडच्या बाजूने अधिक घासावी. निसटली तर फुटू नये म्हणून खाली पाण्याचे भांडे धरावे. राखुंडी, मशेरी आणि खरखरीत दंतमंजन लावू नये. त्याने चरे पडतात आणि चऱ्यांत थर घर करतो. उकळत्या पाण्यात टाकू नये, ती वाकडी होते. रात्री काढून पाण्यात ठेवावी, तोंडालाही विसावा मिळतो. आणि तोंड न दुखताही वर्षातून एकदा दंतवैद्याला टाळू दाखवावी.

घरात वडीलधारे असतील तर त्यांना आज रात्री विचारा, "अण्णा, कवळी टोचते का? दाखवा बघू, मी धुऊन देतो." ते प्रथम नको म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा. दिव्याखाली धरा, अंगठा फिरवा. बुळबुळीत लागले तर समजा की थर आहे, आणि धुतल्यावर करकरीत लागले तर समजा की गेला. हे माप शास्त्रशुद्ध नाही, दोघांचे जुळेलच असे नाही. पण घरोघर सुरुवात करायला ते पुरेसे आहे.